चेअरमनच्या मुलाची बातमी

हॉस्पिटलात कुणी वारलं तर ते नातेवाइकांना सांगायचं काम डॉक्टरांचं. तसं नियमातच लिहिलंय, आणि ते नियम चांगले काचेच्या चौकटीत घालून तिसऱ्या मजल्यावर लावलेत, म्हणजे पाळले जात असणारच. डॉक्टर सांगतातही बिचारे. बाहेर येतात, हातातल्या कागदाला चार इंग्रजी शब्द भराभर ऐकवतात, कुणाच्या तरी खांद्यावर अर्धा सेकंद हात ठेवतात आणि लिफ्टची वाटसुद्धा न बघता जिन्याने पसार होतात. मग ती माणसं तळमजल्यावर चौकशीच्या खिडकीपाशी येतात आणि आतल्या बाईला विचारतात, "अहो, ते डॉक्टर आत्ता काय म्हणाले? म्हणजे नक्की काय झालं?"

त्या खिडकीत एकच बाई एकवीस वर्षं बसत होती. सगळं हॉस्पिटल तिला खिडकीताई म्हणायचं. तिचं खरं काम म्हणजे रक्त कुठे तपासतात, भेटायची वेळ कधी, बाथरूम कुठल्या बाजूला, असल्या गोष्टी सांगणं. पण एकदा एका माणसाला तिने डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ नीट समजावून सांगितला, आणि तिथेच फसली. दोन महिन्यांत वरच्या नर्सा फोन करायला लागल्या, "ताई, बावीस नंबरची माणसं खाली पाठवतेय हं, तुम्ही जरा बघा ना." जरा बघा! जसं काही त्यांची पिशवी विसरली होती.

गळ्यात पडलंच आहे तर बाईने ते काम मन लावून केलं. सुरुवातीला चुकली. एका म्हाताऱ्याला हळू आवाजात म्हणाली, "आजी गेल्या," तर तो म्हणाला, "कुठे, एक्स-रेला?" आणि छत्री सावरत एक्स-रेच्या दिशेने निघालाही. त्याला अर्ध्या वाटेतून परत आणताना तिच्या जिवाचं जे काही झालं, त्यानंतर तिने 'गेले' कायमचं टाकून दिलं. 'आपल्यात नाहीत', 'शांत झाले' हेही टाकलं. बाजूच्या छोट्या खोलीत न्यायचं. बसवायचं. आपणही समोर बसायचं, उभ्याउभ्या सांगायचं नाही. पहिल्या दोन वाक्यांत मृत्यू हा शब्द आलाच पाहिजे. मग गप्प बसायचं. पाणी आधी द्यायचं नाही, कारण आधी पाणी दिलं की माणूस ग्लास बघूनच ओळखतो. पुढे तीन प्रश्न येतातच. कधी? त्रास झाला का? काही म्हणाले का? त्यांची उत्तरं वॉर्डात विचारून तयार ठेवायची, आणि काही झालं तरी खोटं बोलायचं नाही. त्रास झाला असेल तर झाला. काही म्हणाले नसतील तर नाही. माणसं तेव्हा चिडायची, वाटेल ते बोलायची. पण दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाला घेऊन आली, की डॉक्टर-बिक्टर सोडून सरळ खिडकीशी उभी राहायची. ही बाई सांगेल ते खरं, एवढी तिची पत होती, आणि तिला त्याचा अभिमान होता.

घरी मात्र या कौशल्याचं भलतंच कौतुक. पाहुणे आले आणि ती "बसा ना" म्हणाली, की सासूबाई देवघरात असोत नाहीतर स्वयंपाकघरात, तिथून ओरडायच्या, "तू नको म्हणूस गं, दुसरं कुणीतरी म्हणा! तुझ्या तोंडून ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो." हिने बेल वाजवली तर शेजारची बाई दार उघडण्याआधी नवऱ्याला हाक मारून तो आहे ना याची खात्री करायची. एकदा खिडकीताई नुसता वाडगा परत द्यायला गेली होती, आणि ती शेजारीण वाडगा न घेता मटकन खाली बसली. हसायचं की रडायचं, सांगा!

असं सगळं चाललेलं असताना, नवऱ्याची रहस्यकथा परत करायला ती वाचनालयात गेली, तिथे फळ्यावर कागद होता. 'प्राचीन ग्रीक शोकांतिका, आजच्या कवितेत. कार्यशाळा व प्रयोग. मंगळवार, गुरुवार, संध्याकाळी साडेपाच, वरचा हॉल.' वरच्या हॉलमध्ये पंखा चांगला आहे हे तिला माहीत होतं. ती वर गेली.

कार्यशाळा घेणाऱ्याला गावभर कविराज म्हणायचे, आणि तोही कधी नको म्हणाला नाही. भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर. तीन कवितासंग्रह, त्यांची अर्धी पानं कोरी, आणि त्या कोऱ्या पानांबद्दल एका समीक्षकाने फार आदराने लिहिलेलं. माणूस तसा वाईट नव्हता. स्वतःच्या प्रेमात होता एवढंच, आणि त्या संसारात दुसऱ्या कुणाला जागा नव्हती.

त्याने निवडलेलं नाटक अडीच हजार वर्षांपूर्वीचं. एक हट्टी राजा असतो, शहाणीसुरती माणसं त्याला असं करू नको म्हणतात, तो तेच करतो, आणि शेवटी त्याचा मुलगा मरतो. कविराजाने ते आजच्या काळात आणलं होतं. राजाचा झाला हाउसिंग सोसायटीचा चेअरमन. राजवाड्याचं झालं पार्किंग. आणि ग्रीक नाटकात जो गावकऱ्यांचा घोळका मागे उभा राहून हळहळतो, तो झाला बंद पडलेल्या लिफ्टसमोर ताटकळणाऱ्या रहिवाशांचा. पहिली कविता अशी होती:

लिफ्ट
येत
नाही.
आपणच
खाली
येत असतो.

हे वाचून झाल्यावर कविराज डोळे मिटून बराच वेळ बसला. चेअरमन झालेले दाताचे डॉक्टर आणि घोळक्यातले निवृत्त पोस्टमास्तर यांनीही डोळे मिटले. पोस्टमास्तरांना खरोखरच झोप लागली.

मग तो म्हणाला, "ग्रीक लोक रंगमंचावर कधी मरण दाखवत नसत. मरण पडद्यामागे होतं. एक निरोप्या येतो आणि फक्त सांगतो. सगळी शोकांतिका त्या सांगण्यात असते."

खिडकीताई ताठ बसली. एकवीस वर्षांत तिच्या कामाबद्दल कुणी असं बोललं नव्हतं. तिने हात वर केला. "आणि सांगून झाल्यावर त्या निरोप्याचं काय होतं, सर?"

"त्याचं? काही नाही. तो निघून जातो."

"त्याला कुणी चहाबिहा?"

सगळे हसले. पण निरोप्या कोण होणार हे तिथेच ठरलं. कविराज मोठ्या मनाने म्हणाला, "तुमचं भाषण तुम्हीच लिहून आणा. अनुभवातून."

तिने ते बाह्यरुग्ण विभागाच्या फॉर्मच्या पाठीमागे लिहिलं, आणि गुरुवारी उभी राहून वाचलं.

चेअरमनसाहेब, बसा.
तुमच्या मुलाचा मृत्यू झाला आहे.
आज संध्याकाळी, पार्किंगमध्ये, भिंतीपाशी.
त्याला त्रास झाला. फार वेळ नाही झाला.
मी तिथे होते.
तो तुमच्याबद्दल काही म्हणाला नाही.
मी इथेच बसले आहे. विचारा.

दाताच्या डॉक्टरांनी उगाच खिशात रुमाल शोधला. कविराज म्हणाला, "ताई, ही पावती झाली. कविता कुठे आहे?" आणि पुढच्या मंगळवारी त्याने रात्री जागून स्वतः लिहिलेलं भाषण आणलं, त्यात संध्याकाळ स्वतःच्या शर्टाचं बटण सोडते आणि त्यातून एक पक्षी, वगैरे. चेअरमनला आपला मुलगा मेला हे कळायला त्यात साडेतीन पानं लागत होती.

"सर, एवढ्या वेळात तो माणूस एक्स-रेला जाऊन येईल," खिडकीताई म्हणाली.

दोन आठवडे ही हुज्जत चालली. घरी सासूबाईंपुढे, ऑफिसात मेट्रनपुढे, कुणापुढे कधी हट्ट न धरणारी बाई इथे मात्र हटेना. आणि का हटत नव्हती, ते तिने फक्त नवऱ्याला सांगितलं. तो पाणीपुरवठ्यात मीटर वाचायला जायचा, शांत माणूस. ती म्हणाली, "अहो, एकदा तरी मला अशी बातमी सांगायचीय की जिच्यामागे कुणी मेलेलं नसेल. मी नीट सांगीन, लोक ऐकतील, टाळ्या वाजवतील, आणि मग सगळेच्या सगळे उठून घरी जातील. एवढंच मला पाहिजे. त्या पक्ष्याचं मी काय करू?"

नवरा म्हणाला, "मग सोडू नकोस." शेवटी कविराजाने प्रयोगापर्यंत तिचंच भाषण तात्पुरतं ठेवलं. तात्पुरतं, हे त्याने तीनदा सांगितलं.

याच सुमारास कविराजाचा थोरला भाऊ हॉस्पिटलात दाखल झाला. चौदा नंबर. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, चाळीस वर्षं काचा घासून अर्ध्या गावाला दृष्टी दिलेली. धाकट्याला त्यानेच शिकवलं, त्यानेच वाढवलं, पहिला संग्रहही त्यानेच छापून दिला, कोऱ्या पानांसकट. कविराज पहिल्या दिवशी येऊन अकरा मिनिटं बसला. पुढे तालमी होत्या. कलेला वेळ द्यावा लागतो, भावाचं काय, तो कुठे पळून जातोय!

त्यामुळे निरोप न्यायचं काम कुणाकडे आलं, ते सांगायला नको. तालीम संपली की कविराज मफलर गुंडाळत म्हणायचा, "ताई, दादाला सांगा, शनिवारी नक्की येतो." दुसऱ्या दिवशी खिडकीताई जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन सांगायची.

"कुठल्या शनिवारी ते विचारलंत का?" दादा म्हणायचे. मग तिच्या चष्म्याकडे बघायचे. "काढा तो. डावी काडी वाकलीय, अशाने डोकं दुखतं." आणि सुया टोचलेल्या हाताने ती काडी सरळ करून द्यायचे. तिचं डोकं खरंच थांबलं दुखायचं. वीस वर्षं तिला वाटत होतं की ते नोकरीमुळे दुखतं.

तीन शनिवार गेले. चौथ्या आठवड्यात बुधवारी ती पुन्हा तोच निरोप घेऊन वर गेली, तर दाढी करायला आलेल्या माणसाला दादा परत पाठवत होते. "कुणासाठी करायची? राहू दे." तिने निरोप सांगितला. दादा या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "ताई, आता त्याचे निरोप आणत जाऊ नका. तो येणार नाही. उगाच तुम्हाला जिने." आणि कूस बदलून भिंतीकडे वळले.

गुरुवारी दुपारी चार चाळीसला ते वारले.

वॉर्डातून कविराजाला फोनावर फोन लावले. लागणार कसे? तालमीला सगळ्यांचे फोन बंद करून एका कापडी पिशवीत ठेवायचे आणि पिशवी कपाटात, असा त्याचा नियम होता. कलेत व्यत्यय नको. नर्सने खिडकीत फोन केला, "ताई, तुम्ही तिकडेच जाताय ना? मग जरा सांगा ना." खिडकीताईने फोन ठेवला आणि दोन मिनिटं तशीच बसून राहिली. मग नेहमीची तीन उत्तरं विचारून घेतली आणि निघाली.

आता नशीब बघा. त्या दिवशी तालीम लवकर सुरू झाली होती. घोळका लिफ्टसमोर उभा, पोस्टमास्तर खड्या आवाजात म्हणताहेत, "जिन्यावर कुणाची पावलं वाजताहेत?" आणि दार उघडून खिडकीताई आत आली. दहा मिनिटं उशिरा आली असती तर पुढचं काही झालं नसतं.

"वा! टायमिंग!" कविराज ओरडला.

ती चेअरमनला ओलांडून थेट त्याच्याकडे गेली. "सर, बसा."

"मी बसलेलोच आहे. माझ्याकडे काय बघताय? डॉक्टरांकडे बघा."

"सर, तुमच्या दादांचा मृत्यू झाला आहे."

कविराजाने मान तिरकी करून जरा विचार केला. "मुलाच्या जागी भाऊ? हं. बदल वाईट नाही. पण मुलगा जास्त ग्रीक वाटतो हो. आणि थोडं थांबून म्हणा. 'तुमच्या दादांचा', मग पॉज, मग बाकीचं. घ्या परत."

दाताचे डॉक्टर सज्जन माणूस. त्यांना वाटलं आपलीच पाळी आली. त्यांनी कपाळाला हात लावून आपलं वाक्य टाकलं, "हाय, हे कसं झालं!"

त्या एक्स-रेवाल्या म्हाताऱ्यानंतर खिडकीताईला एक बातमी कधी दोनदा सांगावी लागली नव्हती. ती म्हणाली, "सर, हे नाटकातलं नाही. तुमच्या दादांचा मृत्यू झाला आहे."

"'हे नाटकातलं नाही' हे वाक्य फार सुंदर आहे," कविराज वहीत लिहून घेत म्हणाला. "फार आधुनिक. ठेवूया. फक्त आवाज कापतोय तुमचा, ते नको. निरोप्या कोरडा पाहिजे, असं तुम्हीच मला शिकवलंत ना?"

तिने भिंतीपासची खुर्ची ओढली, त्याच्यासमोर गुडघ्याला गुडघा लागेल अशी ठेवली, आणि बसली. "चौदा नंबर. तुमचे दादा. आज दुपारी चार चाळीसला."

"ताई, ग्रीक नाटकात घड्याळ नस..." कविराज म्हणाला.

पेन कधी खाली पडलं ते त्याला कळलं नाही. खिडकीताई तीन प्रश्नांची वाट बघत बसली. त्याने एकही विचारला नाही. कागद उचलले, ते सरळ लागेपर्यंत मांडीवर आपटत राहिला, मग उठून निघून गेला. फोनची पिशवी कपाटातच राहिली. पोस्टमास्तर ती घेऊन मागे धावले.

पंधरा दिवसांनी कार्यशाळा पुन्हा सुरू झाली, तेव्हा सगळ्यांना वाटलं माणूस बदलला असेल. छे! मफलर काळा झाला होता, एवढाच बदल. त्याने नवी प्रत वाटली. निरोप्याचं भाषण जसंच्या तसं होतं, शब्दही हललेला नव्हता. फक्त निरोप्याच्या पुढे खिडकीताईच्या जागी त्याचं स्वतःचं नाव होतं.

"हे भाषण मी करणार," तो म्हणाला. "ही बातमी मला सांगितली गेलीय. म्हणजे ती आता माझी आहे. ताई, तुम्ही लिफ्टसमोर, डावीकडून दुसऱ्या."

दाताच्या डॉक्टरांचंही तोंड उघडं पडलं, आणि ते रोज दुसऱ्यांची उघडी तोंडं बघणारे. खिडकीताईने प्रत घडी करून पिशवीत टाकली. घरी येऊन मात्र तिने भांडी अशी आपटली की सासूबाई देवघरातून उठून आल्या. "चोर आहे तो," खिडकीताई म्हणाली. "मरणाऱ्या भावाला भेटायला वेळ नव्हता, आणि माझी सात ओळींची गोष्ट उचलायला बरोबर वेळ मिळाला." ती त्या रागाच्या भरात प्रयोगाला जातच नव्हती. पण नवरा आणि सासूबाईंनी कधी नव्हे ते येण्याचं ठरवलं होतं, चांगले कपडेही काढून ठेवले होते. त्यांना काय सांगणार? म्हणून गेली.

प्रयोगाला सत्तर-पंचाहत्तर माणसं होती. पहिल्या रांगेत तो कोऱ्या पानांचा समीक्षक. चेअरमनचा हट्ट झाला, रहिवाशांचं हळहळणं झालं, पोस्टमास्तरांना पावलं ऐकू आली, आणि कविराज दारातून आत आला.

"चेअरमनसाहेब, बसा."

डॉक्टर बसले.

"तुमच्या मुलाचा," कविराज म्हणाला, आणि थांबला.

थांबला तो थांबलाच. चेहऱ्यावरून घाम ओघळायला लागला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. समीक्षकाने समाधानाने मान डोलावून वहीत काहीतरी टिपलं. मागून कुणीतरी दबक्या आवाजात "क्या बात है" म्हणालं. पोस्टमास्तर खिडकीताईच्या कानाशी लागले, "ताई, हा पॉज पुस्तकात आहे का हो?"

"नाही," ती म्हणाली. असली तोंडं तिने एकवीस वर्षं पाहिली होती.

खरं तर तिने मजा बघायला हरकत नव्हती. घे म्हणावं, तुझीच बातमी ना? सांग आता! असं तिच्या मनात आलंही, आणि अगदी स्पष्ट आलं. तरी तिचे पाय लिफ्टची रांग सोडून पुढे निघाले होते. तिने एक खुर्ची आणून कविराजाला तिच्यात बसवलं. दुसरी आणून आपण समोर बसली. चेअरमन बाजूला नुसतेच बघत राहिले.

"मुलाचा मृत्यू झाला आहे," ती म्हणाली. "आज संध्याकाळी, पार्किंगमध्ये, भिंतीपाशी. त्याला त्रास झाला. फार वेळ नाही झाला. मी तिथे होते."

पुढची ओळ तिची स्वतःचीच होती. तो तुमच्याबद्दल काही म्हणाला नाही. ती तोंड उघडणार तेवढ्यात कविराज पुढे वाकला आणि पहिल्या रांगेलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "दादा काही म्हणाला का गं?"

त्या दिवशी न विचारलेला प्रश्न तो आज विचारत होता. आणि खरं उत्तर तिच्याकडे तयार होतं. त्याचे निरोप आणत जाऊ नका. तो येणार नाही. खिडकीत असती तर तिने ते जसंच्या तसं हातात ठेवलं असतं, तिची पतच त्यावर होती. पण समोरचा माणूस तिच्याकडे असा बघत होता, की ती जे सांगेल ते तो जन्मभर खरं मानणार.

"म्हणाले," खिडकीताई म्हणाली. "त्या दिवशी त्यांनी दाढी करून घेतली. म्हणाले, शनिवारी धाकटा येणार आहे. असा अवतार दिसला तर ओरडेल माझ्यावर."

कविराज हसला. आधी हसला, आणि मग तोंडात मफलर कोंबून भर रंगमंचावर लहान मुलासारखा रडायला लागला. ती त्याच्यासमोर बसून राहिली. तिला पाहिजे होती ना एक बातमी, जिच्यामागे कुणी मेलेलं नसेल? तिच्या वाट्याला आला तो असा निरोप, जो कुणी दिलाच नव्हता. टाळ्या मात्र कडाडून पडल्या. सासूबाई उभ्या राहून वाजवत होत्या.

प्रयोगानंतर जिन्यात कविराजाने तिला गाठलं. डोळे सुजलेले होते, तरी खिशातून पेन निघालं होतं. कवी तो कवीच.

"ते दाढीचं," तो म्हणाला, "संहितेत नव्हतं."

"नव्हतं, सर."

"पुस्तकात घ्यावं म्हणतो. शेवटच्या पानावर, एकटंच."

छापलेलं उद्या वॉर्डातली नर्स वाचेल. दाढी करायला आलेला तो माणूस वाचेल. खिडकीताई म्हणाली, "नका घेऊ. दादांनी कुणाला सांगू नका म्हणून बजावलं होतं."

कविराजाने क्षणभर तिच्याकडे बघितलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, "बरं. मग राहू दे माझ्यापाशीच." आणि पाठ फिरवून हळूहळू उतरून गेला.

खाली नवरा गाडी घेऊन उभा होता. सासूबाई मागच्या सीटवर बसून आनंदाने बोलत होत्या, आजवर इतकी छान बातमी ऐकली नाही म्हणे, आणि कुणी मेलंही नाही, किती बरं वाटलं! खिडकीताई पुढे बसली. गाडी पहिल्या चौकापर्यंत गेली, आणि तिला रडू फुटलं. हुंदके देऊन देऊन रडायला लागली, चष्मा काढून हातात धरला, आणि काही केल्या थांबेना. नवऱ्याने घाबरून गाडी कडेला घेतली.

"अगं काय झालं? कोण वारलं?"

"चष्मेवाले दादा."

"ते? अगं, त्यांना महिना होऊन गेला. तूच तर सांगितलंस मला."

"हो," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगितलं. मला कुठे कुणी बसवून सांगितलं?"

नवऱ्याने गाडी बंद केली, तिच्याकडे वळून बसला, आणि त्याला जमेल तसं, अडखळत, तिला पहिल्यापासून सांगायला लागला.